एकाच कुळाचा धूर

गणेशचवथीआधी फोंड्याकडचं आमचं मूळ घर उघडलं, की सगळ्यांत आधी नाकात शिरतो तो कुबट वास. पावसाळाभर बंद खोल्या, ओल धरलेल्या भिंती, फडताळातल्या पाटांवर बुरशी. आई धुपाटण्यात करवंट्यांचे निखारे घेते आणि वर धुपाचे दोन काळपट खडे टाकते. खडा आधी घामेजतो, कडेने वितळतो, बुडबुडतो आणि मग धूर सोडतो.

यंदा भाचीने हरमलहून ‘पालो सांतो’ची काडी आणली. “आजी, ह्याने घर शुद्ध होतं.”

“मग आमचा धूप काय करतो गो?”

प्रश्न रास्त होता. पालो सांतो म्हणजे स्पॅनिशमध्ये ‘पवित्र लाकूड’. इक्वेडोर, पेरूकडचं हे झाड, बर्सेरा ग्रॅव्हिओलेन्स. आईचा खडा सह्याद्रीतल्या कॅनेरियम स्ट्रिक्टमचा, कोवळी पालवी लालभडक असलेल्या झाडाचा. दोघंही बर्सेरेसी कुळातली! गुग्गुळ त्यातलाच, सालईही त्यातलीच, आणि इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये, साखळीच्या धुपाटण्यातून दरवळणारा ऊद मूळचा अरबस्तान-सोमालियाकडच्या सालईच्या भावंडांचा. या झाडांच्या सालीत राळेच्या नळ्या असतात. साल दुखावली की राळ पाझरते, सुकते आणि जखम बुजवते. आपण जाळतो ती झाडाची मलमपट्टी.

जाळतो म्हणणंही तसं चूकच. सुगंध येतो तो उडून जाणाऱ्या रेणूंचा. पालो सांतोतलं लिमोनीन, म्हणजे संत्र्याच्या सालीतला वास, 176 अंश सेल्सिअसला उकळतं. लाकडाचं विघटन व्हायला साधारण अडीचशे अंशांच्या पुढे लागतं. म्हणून निखारा राखेने झाकून मंद केला तर वास जास्त, धूर कमी. चंदनातलं सँटॅलॉल बरंच जड, तीनशे अंशांच्या आसपास उकळणारं, त्यामुळे त्याचा वास रेंगाळतो.

आणि शुद्धी? कुबट वास असतो बुरशी आणि जिवाणू सोडतात त्या ऑक्टेनॉल, जिओस्मिनसारख्या रेणूंचा. धूर त्यांना हाकलत नाही, वरून दडपतो. शिवाय नाक काही मिनिटांतच त्या वासाला सरावतं. डास मात्र धुराने पळतात, तेवढं श्रेय द्यायला हवं. पण धुरातले कण बहुतेक अडीच मायक्रॉनहून बारीक, थेट फुप्फुसात उतरणारे. अशा कणांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची 2021 ची मर्यादा दिवसाला सरासरी घनमीटरमागे 15 मायक्रोग्रॅम आहे, आपली भारतीय 60. दार लावून धूप घातलेली खोली दोन्ही सहज ओलांडते. तान्ह्या बाळाला ओवा-वेखंडाची धुरी देण्याची आपली हौस तर, माझ्या मते, आता पुरे.

आईने खिडक्या उघडून दोन्ही लावलं, धूपही आणि काडीही. संध्याकाळी धूर ओसरला. फडताळ उघडलं, तर कुबट वास तिथेच बसलेला. दुसऱ्या दिवशी पाऊस उघडला, तसे पाट घासून तुळशीपाशी उन्हात लावले.