‘मेमरी फुल’ : फोनमधली जागा जाते कुठे?

गेल्या गणपतीत ऐरोलीला आमच्या सोसायटीच्या मंडपात संध्याकाळची आरती चालू होती. शेजारच्या काकूंचा चार वर्षांचा नातू पहिल्यांदाच टाळ वाजवत होता. काकूंनी व्हिडिओसाठी फोन वर धरला आणि पडद्यावर सूचना आली की जागा शिल्लक नाही. ‘सुखकर्ता’ला त्यांनी फोटो पुसायला सुरुवात केली. ‘घालीन लोटांगण’ आलं तेव्हाही त्या पुसतच होत्या, आणि नातू टाळ खाली ठेवून प्रसादाच्या रांगेत जाऊन उभा राहिला होता.

“अगं, दोनच वर्षं झाली घेऊन. एवढ्यात भरतो का फोन?” त्यांनी मला विचारलं.

फोन चांगला होता. मुलाने ठाण्याला गोखले रोडवर दोन-तीन दुकानं फिरून, पन्नास मेगापिक्सेलचा कॅमेरा बघून आईसाठी घेतला होता. स्टोरेज मात्र 64 जीबीचं. दुकानात कॅमेरा, बॅटरी, रॅम, हप्ता या सगळ्यांवर चर्चा होते. जागेचा प्रश्न पैसे देताना निघतो : “तीन हजार वाढवले तर डबल मिळेल.” आणि तिथे बहुतेक जण नको म्हणतात. माझं मत उलटं आहे. घरच्या वापराचा फोन घेताना सगळ्यात आधी जागा बघावी. असं का, ते समजायला थोडं मागं जावं लागेल.

भारतात मोबाइलवरचं पहिलं संभाषण 31 जुलै 1995 रोजी झालं, कोलकात्याहून पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू आणि दिल्लीत केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांच्यात. त्यानंतरची आठ-दहा वर्षं फोनमध्ये साठवण्यासारखं काही नव्हतंच. मे 2003 पासून येणारे कॉल फुकट झाले, त्याच वर्षी टॉर्चवाला नोकिया 1100 आला आणि मोबाइल रिक्षावाल्यांपासून भाजीवाल्यांपर्यंत पोहोचला. तेव्हा भरायचा तो फक्त मेसेजचा इनबॉक्स. कोपऱ्यात पाकिटाचं चित्र लुकलुकायला लागलं की जुने मेसेज पुसल्याशिवाय नवे येत नसत. दिवाळीच्या शुभेच्छांतला कोणता ठेवायचा आणि कोणता घालवायचा, हे तेव्हाही ठरवावं लागायचं. ‘मेमरी फुल’ची सुरुवात खरं तर तिथली.

2003 चाच नोकिया 6600 हा ठाण्यातल्या कॉलेजच्या मुलांना हेवा वाटावा असा फोन. त्याची स्वतःची मेमरी 6 एमबी आणि डब्यातून मिळणारं कार्ड 32 एमबीचं. फोटो 640 बाय 480 चा, काही दहा केबींचा, त्यामुळे एवढ्याशा कार्डातही शेकड्याने मावायचे. 2004 मध्ये सॅनडिस्कने ट्रान्सफ्लॅश नावाचं नखाएवढं कार्ड आणलं. पुढच्याच वर्षी तेच मायक्रोएसडी म्हणून प्रमाण ठरलं, आणि पुढची दहा वर्षं आपल्याकडच्या फोनचा जीव त्या काळ्या चकतीत राहिला.

त्या काळाबद्दल जरा सविस्तर सांगायला मला आवडतं, कारण आज जे हरवलंय ते तेव्हा सहज हातात होतं. मोबाइलवरचं इंटरनेट मुंगीच्या पावलाने चालायचं, एक गाणं उतरवायचं म्हणजे पैसे आणि संयम दोन्ही संपायचे. म्हणून स्टेशनालगतच्या मोबाइलच्या दुकानांत ‘गाणी भरून मिळतील’ अशी पाटी असायची. कार्ड काढून काउंटरवर द्यायचं, पोरगा ते रीडरमध्ये घालून कॉम्प्युटरला जोडायचा आणि विचारायचा : जुनी, नवी, भक्तिगीतं की लावण्या? दहा-वीस रुपयांत कार्ड गच्च भरून मिळायचं. त्या गाण्यांचे हक्क कोणाचे, हा विचार तिथे कोणी करत नसे आणि तो करायला हवा होता. पण कार्ड आपलं होतं. फोन बिघडला किंवा नुसता बदलला, तरी जुन्या फोनच्या बॅटरीखालचं कार्ड नखाने उचलून नव्यात घातलं की बारशाचे, लग्नाचे फोटो नव्या फोनमध्ये हजर. कुठलाही पासवर्ड लागत नसे.

हे बदललं ते फोनचा कॉम्प्युटर झाला तेव्हा. 2007 च्या आयफोनला कार्डाची खाचच नव्हती. भारतात त्याचं पुढचं मॉडेल, आयफोन 3जी, ऑगस्ट 2008 मध्ये आलं आणि 8 जीबीची किंमत 31 हजार असल्याने आपल्यापैकी फार थोड्यांच्या हातात पोहोचलं. अँड्रॉइडने कार्ड ठेवलं, पण तिथे वेगळाच घोळ झाला. फोनमध्ये दोन कप्पे आले, एक आतला आणि एक कार्डाचा. अ‍ॅप राहणार आतल्यात, फोटो-गाणी कार्डात.

सप्टेंबर 2014 मध्ये गुगलने मायक्रोमॅक्स, कार्बन आणि स्पाइस यांना घेऊन अँड्रॉइड वन हे स्वस्त फोन भारतातच पहिल्यांदा आणले. किंमत 6,399 रुपये, आतली जागा 4 जीबी. सिस्टिमचा वाटा गेला की त्यातली निम्म्याच्या आसपास उरायची. 32 जीबीचं कार्ड जवळजवळ रिकामं, तरीही फोन म्हणायचा की अ‍ॅप टाकायला जागा नाही. हे कोड्यासारखं वाटायचं, आणि ते समजावून सांगणारं कोणी नव्हतं.

मग 2015 च्या अँड्रॉइड 6 मध्ये कार्डालाच आतली मेमरी करून टाकायची सोय आली. ऐकायला फार छान. पण तसं केलं की कार्ड त्या एका फोनशी कुलूपबंद होतं, ते दुसऱ्या फोनमध्ये किंवा रीडरमध्ये वाचता येत नाही. जुन्या सवयीने कार्ड काढून नव्या फोनमध्ये घातलेल्यांना तिथे कोरं कार्ड दिसलं, ‘फॉरमॅट करू का?’ असा प्रश्न आला आणि त्यांनी ‘हो’ म्हटलं. माझ्या मामेबहिणीच्या डोहाळजेवणाचे फोटो असेच गेले. चूक तिची नव्हती. दहा वर्षं कार्ड असंच वापरायची सवय होती.

त्याच सुमारास दुसऱ्या सिमच्या जागेतच कार्ड घालायची पद्धत आली. ऑफिसचं एक सिम आणि घरचं एक सिम बाळगणाऱ्या माणसाला दुसरा नंबर की कार्ड, यातलं एकच निवडता यायचं. बहुतेकांनी नंबर निवडला. महागड्या फोनांतून तर कार्ड जातच होतं : सॅमसंगच्या गॅलेक्सी एस मालिकेत 2015 ला ते गेलं, 2016 ला परत आलं आणि 2021 ला पुन्हा गेलं.

एकीकडे जागा अशी आक्रसत असताना दुसरीकडून पूर आला. 5 सप्टेंबर 2016 ला जिओ सुरू झालं. त्याचं मुख्य कार्यालय आमच्या ऐरोलीच्या पुढे, घणसोलीत. तोवर एका जीबीला साधारण अडीचशे रुपये पडत, म्हणून प्रत्येक जण डेटा बंद-चालू करत वापरायचा. तो एकदम महिनोन्‌महिने फुकट झाला. 170 दिवसांत 10 कोटी ग्राहक झाले. व्हॉट्सअ‍ॅपची मूळ सेटिंग अशी की आलेला फोटो आपोआप उतरतो आणि वायफायवर व्हिडिओही. महाग डेटाच्या दिवसांत या सेटिंगला खर्चाचा लगाम होता, तो सुटला. रोज सकाळी सूर्योदय, गुलाब, चहाचा कप, विठ्ठल, वाढदिवसाचा केक, आणि हे सगळं सात-आठ ग्रुपांवर.

हा त्रास इतका मोठा होता की त्याची दखल परदेशात घेतली गेली. डिसेंबर 2017 मध्ये गुगलने फाइल्स गो हे साफसफाईचं अ‍ॅप भारताला डोळ्यांसमोर ठेवून आणलं. जानेवारी 2018 मध्ये अमेरिकेच्या वॉल स्ट्रीट जर्नलने बातमी दिली की भारतीयांच्या ‘गुड मॉर्निंग’ संदेशांनी फोन भरून अडताहेत, आणि इथे दर तिघांतल्या एकाच्या फोनमधली जागा रोज संपते. मला त्या बातमीचा सूर रुचला नव्हता. सकाळचा फुलाचा फोटो पाठवणारी आजी ‘मी बरी आहे’ एवढंच कळवत असते. दोष त्या फुलाचा नाही. आलेली प्रत्येक गोष्ट विचारल्याशिवाय कायमची ठेवून घेणाऱ्या सेटिंगचा आहे.

काकूंच्या फोनमध्ये मी बसून बघितलं. हळदीकुंकवाचा एक फोटो त्यांच्या गॅलरीत होता. तोच ग्रुपवर टाकल्यामुळे त्याची प्रत ‘सेंट’ फोल्डरमध्ये होती. तोच जावेने दुसऱ्या ग्रुपवर टाकलेला होता, आणि भाचीने फुलांची चौकट लावून परत पाठवलेलाही होता. एका क्षणाचे चार फोटो. व्हॉट्सअ‍ॅपचे फोल्डर मिळून 21 जीबी भरले, आणि त्यांतले काकूंना हवे होते ते दोन जीबीसुद्धा नसतील.

भरलेला फोन अडखळतो का, हे लोक नेहमी विचारतात. अडखळतो, आणि त्याला कारण आहे. फोनमधली साठवण नँड फ्लॅश प्रकारची असते, जी तोशिबातल्या फुजिओ मासुओका यांनी 1987 मध्ये जगासमोर मांडली. तिला एक पाटी समजा, जिच्यावर ओळ-ओळ लिहिता येतं पण पुसायची झाली तर पूर्ण पाटीच पुसावी लागते. पाटीवरच्या दोन ओळी ठेवून बाकीच्या घालवायच्या असतील, तर त्या दोन आधी दुसऱ्या कोऱ्या पाटीवर उतरवाव्या लागतात आणि मग पहिली पुसायची. फोन हे काम गुपचूप करत असतो. कोऱ्या पाट्याच उरल्या नाहीत की प्रत्येक लिहिण्याआधी ही उतरवाउतरव करावी लागते, आणि आपल्याला वाटतं फोन म्हातारा झाला. दहा-पंधरा टक्के जागा मोकळी ठेवली तर तोच फोन पुन्हा बरा चालतो. काकूंचा चालला.

आता ढगाबद्दल, म्हणजे क्लाउडबद्दल : फोटो इंटरनेटवरून कंपनीच्या कॉम्प्युटरांत ठेवायची सोय. मे 2015 मध्ये गुगल फोटोजने हवे तितके फोटो फुकट ठेवायची मुभा दिली आणि घरोघरी वाटलं की प्रश्न सुटला. 1 जून 2021 ला ती मुभा संपली. तेव्हापासून मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून 15 जीबी, पुढे महिन्याचं भाडं. 2024 पासून अँड्रॉइडवरचा व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपही त्याच पंधरात धरला जाऊ लागला. आमच्याकडे राहणाऱ्यांना क्लाउड म्हणजे काय हे खिडकीतून दिसतं. ठाणे-बेलापूर रस्त्याला ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात एकेकाळी रसायनांचे कारखाने होते. आता तिथे जाड भिंतींच्या, जेमतेम खिडक्यांच्या डेटा सेंटरच्या इमारती उभ्या आहेत, मागे जनरेटरची रांग, वर वातानुकूलनाचे पंखे. पनवेलला 2020 मध्ये असंच एक प्रचंड केंद्र सुरू झालं. ढग म्हणजे कोणाच्या तरी जागेतली कपाटं, वीज खाणारी. भाडं लागणारच.

भाड्यापेक्षा मला काळजी वाटते ती एका गैरसमजाची. फोटो फोनमध्ये आणि क्लाउडवर दोन्हीकडे दिसतो, म्हणून लोक ‘वर आहेच की’ म्हणून खालचा पुसतात. गुगल फोटोजमधून पुसलेला फोटो दोन्हीकडून जातो. बॅकअप झालेला असेल तर तो 60 दिवस बिनमध्ये थांबतो, नंतर नाही. फक्त फोनमधला काढायचा असेल तर ‘जागा मोकळी करा’ हा वेगळा पर्याय आहे. पुसण्याआधी हा फरक वाचून घ्या, अगदी हात जोडून सांगते.

नवा फोन घेताना आकडेही ताडून बघावेत. 64 जीबी म्हणून घेतलेला फोन मोजायच्या पद्धतीतल्या फरकामुळे कॉम्प्युटरला साधारण 59.6 दिसतो, त्यातून सिस्टिमचा वाटा जातो. आजचा साधा फोटो तीन-चार एमबीचा. 1080 चा एक मिनिटाचा व्हिडिओ जुन्या पद्धतीने 130 एमबीच्या आसपास, 4 के असेल तर साडेतीनशे. व्हिडिओ दाबून साठवायच्या नव्या एचइव्हीसी पद्धतीत हे जवळपास निम्मं होतं, पण तसे व्हिडिओ जुन्या कॉम्प्युटरवर कधी कधी उघडत नाहीत. नातवंडांचे व्हिडिओ काढणाऱ्या घरात 128 च्या खाली जाऊ नये, जमलं तर 256. कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल कमी चालतील. स्टेशनाबाहेर पथारीवर मिळणारी स्वस्त ‘512 जीबी’ कार्डं मात्र टाळावीत. त्यांतल्या नकली कार्डात खरी जागा आठ-सोळा जीबीच असते. ती भरली की नवा फोटो जुन्यावरच लिहिला जातो, आणि गॅलरीत नाव दिसतं पण फोटो उघडत नाही.

एका रविवारी आम्ही काकूंच्या व्हॉट्सअ‍ॅपवरचं आपोआप उतरणं बंद केलं, ‘अनेकदा फॉरवर्ड केलेले’ आणि पाच एमबीहून मोठे असे दोन गठ्ठे उघडून चाळले, आणि हवं ते थेट फोनला लावता येणाऱ्या ओटीजी पेनड्राइव्हवर घेतलं. उठता उठता काकू म्हणाल्या, “थांब, आणखी एक आहे,” आणि बांगड्यांच्या डब्यातून रुमालाच्या चिंधीत बांधलेलं 2 जीबीचं कार्ड घेऊन आल्या. त्यांच्या जुन्या बटणांच्या फोनमधलं, 2009 चं.

रीडरमध्ये घातल्यावर ते उघडेल याची मला खात्री नव्हती. वर्षानुवर्षं वीज न मिळालेल्या फ्लॅशमधला विद्युतभार हळूहळू झिरपून जातो. ते उघडलं. 380 फोटो, सगळे मिळून 26 एमबी, म्हणजे आजच्या फोनवरचा बारा सेकंदांचा व्हिडिओ. तलावपाळीच्या कठड्यावर बसलेले काका, हातात भेळेचा कागद, मागे पाण्यात दिव्यांचे ठिपके. काका जाऊन सहा वर्षं झाली. नऊ फोटो अर्धेच उघडले, वर चेहरे आणि खाली राखाडी पट्टा. बाकीचे पेनड्राइव्हवर आणि मुलाच्या लॅपटॉपवर घेतले. ते नऊही वगळू नकोस म्हणाल्या, म्हणून तेही घेतले.