सिकलसेलचे हृदय इकोवर मोजताना

सिकलसेलच्या 'एसएस' पॅटर्नच्या (आई-वडील दोघांकडूनही सिकलसेलचा जनुक आलेल्या) रुग्णाचा टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केला की रिपोर्टवर बहुधा 'ईएफ ६० टक्के' असे लिहून येते आणि घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. आकडा खराही असतो. पण या आजारात हृदयाचे कसे चालले आहे, हे त्यातून फारसे कळत नाही. विदर्भात सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत आणि मेडिकल, मेयो व एम्स ही तिन्ही मोठी सरकारी रुग्णालये नागपुरात आहेत. त्यामुळे या विषयावर अभ्यास करायला यापेक्षा सोयीची जागा क्वचितच मिळेल. मोजमाप मात्र काटेकोर हवे.

ईएफ म्हणजे डाव्या खालच्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी एका ठोक्यात बाहेर पडणारा वाटा. १२० मिली भरले आणि आकुंचनानंतर ४८ मिली उरले, तर बाहेर गेले ७२, म्हणजे ६० टक्के. सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिन कायम कमी असल्याने शरीराला पुरेसा ऑक्सिजन पोहोचवण्यासाठी हृदयाला जास्त रक्त फिरवावे लागते. कप्पा हळूहळू मोठा होतो, टक्केवारी मात्र जागची हलत नाही. म्हणून अभ्यासात टक्क्यांइतकेच मिलीही महत्त्वाचे, आणि तेही शरीराच्या पृष्ठभागाच्या हिशेबाने. तेच १२० मिली १.७ चौरस मीटर पृष्ठभागाच्या पुरुषात दर चौरस मीटरला सुमारे ७१ भरतात, तर १.४ च्या सडपातळ तरुणात ८६. पुरुषांसाठी वरची मर्यादा ७४ आहे. उंची-वजन जुन्या केसपेपरवरून उतरवून घेतले, तर मोठा झालेला कप्पा कागदावर नॉर्मल दिसू शकतो.

मिली काढताना रुग्णाला डाव्या कुशीवर वळवून डावा हात डोक्यामागे घ्यायला सांगतात आणि दोन वेगवेगळ्या कोनांतून कप्प्याची कड रेखतात. संगणक त्या आकाराचे २० चकत्यांत तुकडे करून बेरीज करतो. इथली नेहमीची चूक म्हणजे छातीवर टेकवायचा प्रोब एक बरगडी वर राहतो आणि हृदयाचे खरे टोक चित्रात येतच नाही. कप्पा आखूड दिसतो, आकारमान कमी भरते आणि ईएफ उगाच जास्त येते. दोन्ही कोनांतल्या लांबीत १० टक्क्यांहून जास्त फरक पडला, तर ते चित्र वापरू नये, पुन्हा घ्यावे.

सिकलसेलच्या संशोधनात खरा वाद आहे तो दुसऱ्या एका आकड्याचा. हृदयाच्या उजव्या बाजूच्या ट्रायकस्पिड झडपेतून थोडे रक्त मागे फिरते. डॉप्लरने, म्हणजे इकोतल्याच वेग मोजणाऱ्या तंत्राने, त्या धारेचा सर्वाधिक वेग मोजतात. वेगाचा वर्ग करून त्याला ४ ने गुणले की झडपेच्या दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक मिळतो आणि त्यावरून फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांतल्या दाबाचा अंदाज येतो. २.५ मीटर प्रतिसेकंद वेग म्हणजे २५ मिमी पारा. २००४ मध्ये अमेरिकेतल्या १९५ प्रौढ रुग्णांच्या अभ्यासात २.५ किंवा त्याहून जास्त वेग ३२ टक्के रुग्णांत आढळला आणि त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण बरेच जास्त होते. मग २०११ मध्ये फ्रान्समधल्या ३९८ रुग्णांच्या अभ्यासात २७ टक्क्यांचा वेग २.५ च्या वर निघाला, पण फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांतला दाब वाढल्याची कॅथेटरने (शिरेतून हृदयापर्यंत नेलेल्या बारीक नळीने) खात्री झाली ती एकूण रुग्णांपैकी फक्त ६ टक्क्यांत. इको खोटे बोलला नव्हता. जास्त रक्त वाहत असेल, तर वाहिन्या निरोगी असतानाही वेग वाढतो. म्हणून तुलनेसाठी नुसती निरोगी माणसे घेणे पुरेसे नाही. तेवढेच हिमोग्लोबिन असलेले, पण सिकलसेल नसलेले लोकही हवेत, नाहीतर ॲनिमियाचा परिणाम सिकलसेलच्या नावावर जमा होतो. असा गट जमवणे कष्टाचे असते, आणि बहुतेक अभ्यास इथेच कमी पडतात.

वेग मोजताना डॉप्लरचा किरण धारेच्या रेषेत असावा लागतो. ३० अंशांचा कोन पडला, तर २.९ चा वेग २.५ दिसतो आणि दाब ३४ ऐवजी २५ निघतो. म्हणून छातीवरच्या तीन-चार जागांवरून धार पाहून सर्वांत जास्त, पण स्पष्ट कडेचा वेग घ्यायचा. कडेबाहेरची पुसट झालर मोजायची नाही. काहींमध्ये ही धार सापडतच नाही. तिथे तक्त्यात शून्य भरले की सगळी सरासरी खाली येते. 'मोजता आले नाही' अशीच नोंद हवी.

इको कधी करायचा, हेही तितकेच महत्त्वाचे. वेदनेचा झटका चालू असताना फुप्फुसातला दाब तात्पुरता वाढतो, म्हणून झटक्यानंतर किमान दोन ते चार आठवडे थांबतात. रक्त चढवले असेल तर तेही विचारतात आणि हिमोग्लोबिन त्याच दिवशीचे घेतात. नागपुरातल्या मे महिन्यात आणखी एक भानगड. गडचिरोलीहून एसटीने दुपारी पोहोचलेल्या रुग्णाच्या अंगात पाणी कमी असते, हृदयात येणारे रक्त घटते आणि कप्प्याचे आकारमान कमी दिसते. त्याला पाणी पाजून, सावलीत बसवून मगच टेबलावर घ्यावे. सिकलसेलमध्ये पाणी कमी पडणे तसेही धोक्याचे. हिवाळ्यातला पहिला इको आणि उन्हाळ्यातला दुसरा यांची तुलना करणाऱ्यांनी हे विसरू नये.

चित्रे वाचणाऱ्याला नाव वा हिमोग्लोबिन कळता कामा नये. फायलीवर फक्त संकेतांक असतो. काही चित्रे त्याच डॉक्टरने काही आठवड्यांनी पुन्हा मोजायची आणि दुसऱ्यानेही स्वतंत्रपणे मोजायची. साध्या टू-डी पद्धतीत ईएफ एका भेटीतून दुसऱ्या भेटीत आठ-दहा अंकांनी सहज हलते. ६२ चे ५७ झाले म्हणून औषध लागू पडले नाही, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल.

रुग्णांसाठी व्यवहारातले एवढेच: वेग २.५ ते २.९ च्या दरम्यान आला म्हणून लगेच कॅथेटरची तपासणी लागत नाही. सहा मिनिटांत किती चालता येते आणि एनटी-प्रोबीएनपी ही हृदयावरचा ताण दाखवणारी रक्ततपासणी काय सांगते, ते आधी पाहतात. दोन्हींपैकी काही बिघडलेले दिसले, तर मात्र कॅथेटरची तपासणी पुढे ढकलू नये. पुढच्या इकोला येताना जुना रिपोर्ट, त्याची चित्रे आणि शेवटच्या झटक्याची तारीख सोबत आणावी.