वाटीवर फिस्कारणारी ठमी

इंदूरला रामबागेतल्या आमच्या घरी ठमीच्या तोंडाला वास यायला लागला, तेव्हा "मांजरीच्या तोंडाला काय अत्तराचा वास येणार?" म्हणून आईने विषय मिटवला. खात तर होती ना! मग एका सकाळी पोहे खाता खाता मी तिच्याकडे नीट पाहिलं. तिने दाणा उचलला, मान एकीकडे कलती केली, दाणा टपकन खाली पडला आणि बाईसाहेब वाटीवरच फिस्कारून पलंगाखाली गेल्या.

दुखणं लपवण्यात मांजर पटाईत. दात ठणकत असला तरी भुकेपोटी ती खातेच, दाणे न चावता गिळते. म्हणून वाटी रिकामी होते का, यापेक्षा कशी होते ते बघावं. लाळ गळते, पंजाने गाल घासला जातो, अंग चाटणं सुटल्याने केसांच्या गुठळ्या होतात. ओठ अलगद उचलून पाहा. दाताच्या कडेला हिरडीवर लाल रेघ असेल तर ती सूज. दात साफ केले की ती उतरते. आतलं हाड झिजलं की मात्र भरून येत नाही.

ठमीचं दुखणं निराळंच निघालं. मांजरीच्या ३० दातांना माणसासारखी कीड सहसा लागत नाही. पण दुधाच्या दातांची मुळं विरघळवणाऱ्या पेशी कधीकधी पक्क्या दातांवरच उलटतात. बहुधा खालच्या सुळ्यामागचा पहिला दात त्यांच्या तावडीत सापडतो. खड्ड्यावर हिरडी चढते, त्यामुळे वरून नुसता लाल ठिपका दिसतो. खरा प्रकार कळतो एक्स-रेमध्ये. खड्डा भरून भागत नाही, दात काढावाच लागतो.

भूल द्यायची म्हटल्यावर आई घाबरली. भूल न देता दात खरवडून देणारेही भेटतात, पण त्याने दिसणारा भागच चकचकीत होतो, हिरडीखालची घाण तशीच राहते.

घशापर्यंत तोंड लालभडक होणारा आजार याहून वाईट. त्यात बरेचदा सगळ्या दाढा काढतात, आणि बहुतेक मांजरींना आराम पडतो. बिनदाताची मांजर मऊ खाणं मजेत खाते.

घरातली पॅरासिटामॉल मात्र चुकूनही देऊ नका. मांजरीचं यकृत ती नीट पचवू शकत नाही, रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद जाते. एक गोळीसुद्धा जीव घेते. आपली टूथपेस्टही नको. मांजरींची वेगळी मिळते, ती बोटाला कापड गुंडाळून लावायची.

ठमीचे दोन दात गेले. आई आता रोज तिचा ओठ उचलून बघते. ठमी अजून फिस्कारते, पण वाटीवर नाही, आईवर.