फ्रेंच प्रेस

फ्रेंच प्रेस म्हणजे कॉफी करायचं उभं, नळकांड्याच्या आकाराचं भांडं. ते बहुतेक वेळा बोरोसिलिकेट म्हणजे उष्णता सोसणाऱ्या काचेचं असतं, आणि झाकणातून खाली येणाऱ्या दांड्याच्या टोकाला बारीक जाळीची गाळणी असते. जाडसर दळलेली कॉफी गरम पाण्यात चारेक मिनिटं मुरू द्यायची, मग दांडा दाबून चोथा तळाशी अडकवायचा आणि वरची कॉफी ओतून घ्यायची, एवढंच काम. ब्रिटनमध्ये याला कॅफेटिएर म्हणतात, ऑस्ट्रेलियात प्लंजर. कागदी फिल्टर लागत नाही, वीजही लागत नाही, म्हणून घरगुती वापरात ते इतकं पसरलं.

हे भांडं नक्की कुणाचं यावर मात्र एकमत नाही. एक गोष्ट फार सांगितली जाते, की कुणी एक फ्रेंच माणूस पाणी उकळायला ठेवून कॉफी घालायला विसरला, नंतर घातली तर ती सगळी वर तरंगायला लागली, मग त्याने फेरीवाल्याकडून जाळीचा तुकडा घेऊन काठीने ती खाली दाबली. ही गोष्ट दंतकथा म्हणूनच घ्यावी, कारण तिला नाव नाही, गाव नाही आणि सालही सांगेल तसं बदलतं. कागदोपत्री पहिला भक्कम पुरावा 1852 चा, तेव्हा पॅरिसच्या मायर आणि देलफोर्ज या दोघांनी फ्रान्समध्ये पेटंट घेतलं. त्यांची गाळणी म्हणजे भोकं पाडलेला पत्रा, त्याच्या दोन्ही बाजूंना फ्लॅनेलचं कापड आणि वर खाली करायला दांडा. म्हणजे कल्पना पूर्ण आजचीच आहे. पण गाळणीची कड भांड्याच्या भिंतीला घट्ट धरून बसेल अशी सोय त्यात नव्हती, आणि सगळी गोम तिथेच आहे, कारण दाबताना पाणी सोप्या वाटेने जातं, कडेला जरा फट राहिली की पाणी जाळीतून न जाता त्या फटीतून वर येतं आणि सोबत चोथाही आणतं.

पुढचा मोठा टप्पा इटलीतला. मिलानच्या अत्तिलिओ कालिमानी आणि जुलिओ मोनेता यांनी 1920 च्या दशकाच्या अखेरीस पेटंटसाठी अर्ज केला, त्याचं अमेरिकन पेटंट 1931 मध्ये मिळालं. काही जण साल 1928 धरतात, काही 1929, ते अर्जाची तारीख कुठल्या देशातली मोजायची यावर ठरतं. गाळणीची कड भिंतीला चिकटून सरकली पाहिजे हा प्रश्न इथे नीट हाताळलेला दिसतो. त्यामुळे कल्पनेचं श्रेय फ्रेंचांना आणि चालणाऱ्या भांड्याचं इटालियनांना, ही मांडणी जास्त पटते, नावात फ्रेंच असलं तरी. नंतर 1958 मध्ये फालिएरो बोंदानिनी याने सुधारित रचनेचं पेटंट घेतलं, ती भांडी फ्रान्समध्ये मार्टिन नावाच्या कारखान्यात बनू लागली आणि हा कारखाना मुळात क्लॅरिनेट बनवणारा होता. शाम्बोर हे प्रसिद्ध मॉडेल तिथलंच, पुढे ते डेन्मार्कमध्ये सुरू झालेल्या बोडम कंपनीकडे आलं आणि जगभर पोचलं.

आजची गाळणी उघडून बघितली तर तीन चार भाग निघतात: वर पत्र्याची चकती, तिच्या कडेभोवती गोल फिरवलेली बारीक स्प्रिंग, मध्ये स्टीलची लवचिक जाळी आणि खाली भोकांची पट्टी. भिंतीला दाबून धरायचं काम ती स्प्रिंग करते. ती वाकली की कपात गाळ येणारच, मग कॉफी कितीही महागाची असो.

प्रमाण साधारण एक लिटर पाण्याला 60 ग्रॅम, म्हणजे 350 मिलीच्या भांड्याला 21 ग्रॅमच्या आसपास. पाणी 92 ते 96 अंश सेल्सिअस, उकळी आल्यावर जरा थांबून ओतलं तरी चालतं. ताज्या भाजलेल्या कॉफीत कार्बन डायऑक्साइड अडकलेला असतो, पाणी पडताच तो सुटतो आणि चोथा वर येऊन जाड तपकिरी साय धरतो. चार मिनिटांनी चमच्याने ही साय मोडली की बराचसा चोथा आपोआप खाली बसतो, वर राहिलेला फेस काढून टाकावा. दांडा हळूच दाबायचा. अडला तर जोर लावू नये, कॉफी फार बारीक दळली गेली आहे एवढाच त्याचा अर्थ, आणि जोर लावला तर गरम पाणी उसळून हात भाजतो. दाबल्यावरही चोथा पाण्यातच असतो, मुरणं पूर्ण थांबत नाही, म्हणून कॉफी लगेच ओतून घ्यावी.

धातूच्या जाळीतून कॉफीतली तेलं पार होतात, त्यामुळे ही कॉफी अंगाने दाट लागते. त्या तेलात कॅफेस्टॉल आणि काहवेऑल ही द्रव्यं असतात, ती रक्तातलं एलडीएल, म्हणजे वाईट समजलं जाणारं कोलेस्टेरॉल वाढवतात असं संशोधनात दिसलं आहे, कागदी फिल्टरमध्ये ती बरीचशी अडकतात. कोलेस्टेरॉलचा त्रास असणाऱ्यांनी रोज अनेक कप घेण्याआधी हे लक्षात घ्यावं.

भारतात दुकानात मिळणारी फिल्टर कॉफी पावडर यासाठी सहसा बारीक पडते आणि तिच्यात बऱ्याचदा चिकोरी, म्हणजे एका झाडाच्या भाजलेल्या मुळांची पूड असते (नियमाने निम्म्याहून किंचित कमीपर्यंत चालते), तेव्हा बिया घेऊन घरी जाडसर रव्याएवढ्या दळणं किंवा दुकानदाराला तसं सांगून दळून घेणं बरं. आपल्याकडची जायफळ घातलेली दुधाची कॉफी यात दूध ओतून करू नये, जाळीत साय अडकते आणि वास जात नाही. कॉफी वेगळी काढून कपात गरम दूध घालावं, जायफळही वरूनच किसावं.