बहुखंडी आर्काइव्ह

संकुचित करून एकत्र बांधलेल्या फाइलींचा संग्रह ठरावीक आकाराच्या, क्रमांक असलेल्या अनेक फाइलींत विभागून ठेवला, की त्यास बहुखंडी आर्काइव्ह म्हणतात. ही पद्धत फ्लॉपीच्या काळात रूढ झाली. साडेतीन इंची फ्लॉपीवर १.४४ मेगाबाइट एवढाच मजकूर मावत असल्याने मोठा संग्रह अनेक फ्लॉपींवर पसरवणे भाग पडे, आणि फिल कॅट्झ यांच्या पीकेझिप व रॉबर्ट जंग यांच्या एआरजे या प्रोग्रामांत तशी सोय होती. फ्लॉपी मागे पडली तरी गरज संपली नाही. फॅट३२ या फाइली साठवण्याच्या जुन्या पद्धतीच्या पेनड्राइव्हवर आजही ४ गिगाबाइटची एक सलग फाइल ठेवता येत नाही.

खंड म्हणजे स्वतंत्र छोटे संग्रह नव्हेत, ही बाब सर्वांत महत्त्वाची आहे. एखादी फाइल तिसऱ्या खंडात सुरू होऊन पाचव्यात संपू शकते. म्हणून सर्व खंड मूळ नावांनी एकाच फोल्डरमध्ये ठेवावे लागतात आणि त्यांतील एकच उघडावा लागतो. तो कोणता, हे रार, झिप अशा संग्रहाच्या प्रकारावर अवलंबून असते. रार प्रकारात नावात ‘पार्ट१’ असलेला खंड उघडतात. जुन्या नामपद्धतीत मात्र ‘.रार’ हा पहिला खंड असून ‘.आर००’, ‘.आर०१’ त्यानंतर येतात. झिपमध्ये फाइलींची सूची संग्रहाच्या शेवटी असते, त्यामुळे ‘.झेड०१’, ‘.झेड०२’ यांच्यानंतरचा, ‘.झिप’ नावाचा अखेरचा खंडच उघडावा लागतो. इगोर पाव्हलोव्ह यांच्या सेव्हन-झिप या प्रोग्रामाचे ‘.००१’पासूनचे खंड हे एका फाइलीचे केवळ सरळ तुकडे असतात. ते क्रमाने जोडले की मूळ फाइल जशीच्या तशी मिळते. रारच्या प्रत्येक खंडाच्या सुरुवातीला त्याची माहिती देणारे स्वतःचे शीर्षक (हेडर) असल्याने ते असे जोडून चालत नाहीत.

उलगडताना येणाऱ्या अडचणी बहुधा साध्या असतात. तोच खंड दोनदा डाउनलोड केल्यास ब्राउझर नावापुढे कंसात आकडा जोडतो आणि क्रम तुटतो. शेवटचा वगळता सर्व खंड सामान्यतः समान आकाराचे असल्याने, आकारांची तुलना केली तरी अपुरा उतरलेला खंड लगेच सापडतो, आणि तेवढाच पुन्हा घेता येतो.

एखादा खंड कायमचा हरवला, तर काय वाचेल हेही रचनेवर ठरते. रारमध्ये त्याआधीच्या खंडांत पूर्ण मावलेल्या फाइली निघू शकतात. सेव्हन-झिपच्या सेव्हन-झेड या प्रकारात सूची शेवटी असल्यामुळे अखेरचा खंड नसेल, तर फाइलींची नावेही दिसत नाहीत. संग्रह तयार करतानाच रारचे ‘.रेव्ह’ पुनर्प्राप्ती-खंड बनवले असतील, तर असा प्रत्येक खंड हरवलेल्या कोणत्याही एका खंडाची उणीव भरून काढतो. दीर्घकाळ जतन करायच्या संग्रहासाठी ते अवश्य बनवावेत.