हाड सरकतं तितका ओठ का सरकत नाही?

माझ्या भाचीचा खालचा जबडा मागे होता. खालचा ओठ कायम वरच्या दातांमागे दुमडलेला. वाढ पूर्ण झाल्यावर ब्रेसेसनी दात रांगेत आणले, मग मिरजेत शस्त्रक्रिया झाली आणि जबडा ६ मिलिमीटर पुढे आला. तीन महिन्यांनी विश्रामबागेतल्या घरी आरशासमोर ती म्हणाली, "मावशी, हाड ६ मिलिमीटर सरकलं, मग ओठ तितका का नाही आला?"

हनुवटीवरचं मांस हाडाला घट्ट धरून असतं. हाड जितकं येतं, जवळपास तितकीच हनुवटी येते. ओठाच्या आत मात्र हाड नाही. तो दातांवर टेकलेला स्नायूचा पडदा. टेकू पुढे सरकला की ओठ थोडा पुढे जातो, थोडा उलगडतो, थोडा चपटा होतो. म्हणून खालचा ओठ साधारण दोन-तृतीयांशच येतो. पण भाचीचा दुमडलेला ओठ सुटला, त्याखालची खोल घडी उथळ झाली. माझ्या मते चेहरा खरा बदलला तो त्या घडीमुळे.

वरच्या जबड्याचं गणित आणखी अवघड, कारण तिथे नाक आहे. जबडा पुढे घेतला की वरचा ओठ निम्म्याच्या आसपास येतो, नाकाचा शेंडा किंचित उचलला जातो, नाकपुड्या रुंदावतात. ती रुंदी आवरायला सर्जन आतून एक टाका घालून नाकपुड्यांची बुडं जवळ ओढतात. शिवाय ओठाची जाडी. जाड गोधडीखाली वाटी सरकवली तर वरून जेमतेम कळतं, जुन्या मऊ धोतराखाली लगेच. म्हणून संगणकावर आधी दाखवलेला चेहरा हा अंदाजच समजावा.

सूज पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वाधिक असते, काही आठवड्यांत बरीच ओसरते. पण स्नायू आणि त्वचा नव्या जागी बसायला सहा महिने ते वर्ष लागतं. महिनाभरात आरसा पाहून रडू नये, हे मी तिला कळकळीने सांगितलं होतं.

खालच्या जबड्याचं हाड तोंडाच्या आतून चिरून त्याचे दोन थर एकमेकांवरून सरकवतात आणि टायटॅनियमच्या प्लेट-स्क्रूंनी बसवतात. हाड असं चिरून सरकवण्याची पद्धत ट्राउनर आणि ओबवेगेसर या सर्जनांनी १९५७ मध्ये मांडली. त्याच हाडातून ओठाला संवेदना देणारी नस जाते. ती ताणली गेली की ओठ बधिर होतो. बहुतेकांची संवेदना हळूहळू परतते, काहींना थोडा बधिरपणा कायमचा राहतो. भाचीच्या ओठाला भडंगाचा दाणा चिकटला तरी तिला कळत नसे. पाचव्या महिन्यात तिखट ओठाला झोंबलं, आणि ती पाणी न पिता हसत बसली.