पार्श्वभूमी: कमी उंचीचा गार्ड, २००९ चा ड्राफ्ट आणि फॅन्सचा हिशोब

एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगच्या, ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) कुठलाही गार्ड, म्हणजे बास्केटपासून लांब खेळणारा, बॉल सांभाळणारा खेळाडू, निवडला गेला की फॅन्सची चर्चा लगेच सुरू होते, हा पॉइंट गार्ड (पास देऊन खेळ चालवणारा) आहे का शूटिंग गार्ड (मुख्यतः स्कोअर करणारा), उंची किती, हात किती लांब, डिफेन्स जमणार का, कॉलेजात पडलेले थ्री (लांबून मारलेले तीन पॉइंटचे शॉट) इथे पडतील का. दरवर्षी प्रश्न तेच. पण यातला प्रत्येक प्रश्न कुठल्यातरी खेळाडूमुळे किंवा कुठल्यातरी नियमामुळे लोकांच्या डोक्यात बसलाय, आणि हे सगळे प्रश्न एकाच पोराला एकाच वेळी कसे लागू झाले ते बघायचं असेल तर २००९ चा ड्राफ्ट बघायला हवा. स्टेफन करीचा, जो पुढे लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्या वेळी त्याच्यावर शंका घेणाऱ्यांना आज सगळे हसतात, मला ते पटत नाही, त्या लोकांनी त्यांच्या काळाच्या मापाने मोजलं होतं आणि त्या मापात तो खरंच बसत नव्हता.

आधी ड्राफ्टबद्दल थोडं. आयपीएलसारखी बोली नसते इथे. आदल्या सीझनला ज्या टीम प्लेऑफला पोचल्या नाहीत त्यांची लॉटरी निघते, १९८५ पासून ही पद्धत आहे, आणि त्या क्रमाने टीम एकेक खेळाडू निवडतात. राउंड दोनच. पहिल्या राउंडच्या पोरांचा पगारही १९९५ पासून नंबरप्रमाणे जवळपास ठरलेला असतो. त्यामुळे फॅन्समध्ये "पैसे जास्त गेले का" हा वाद होतच नाही, वाद होतो तो "याच्या जागी दुसरा कोण मिळाला असता" याचा. म्हणजे प्रत्येक रूकीच्या (पहिल्या वर्षाच्या खेळाडूच्या) बाजूला त्याच्या मागून निवडले गेलेले दहा जण कायमचे उभे असतात आणि पुढची दहा वर्षं ती तुलना काही संपत नाही.

आता उंचीचं बघू. ऑस्कर रॉबर्टसन ६ फूट ५ इंच होता आणि १९६० च्या दशकात एवढा मोठा माणूस बॉल हँडल करतोय, पास देतोय, रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा बॉल) घेतोय हेच लोकांना नवीन होतं. मग १९७९ ला लेकर्सने पहिल्या नंबरवर मॅजिक जॉन्सन घेतला, ६ फूट ९ इंचाचा पॉइंट गार्ड, आणि त्याने रूकी असतानाच १९८० च्या फायनल्सच्या सहाव्या मॅचमध्ये करीम अब्दुल-जब्बार जखमी असताना सेंटरला, म्हणजे टीमच्या सगळ्यात उंच माणसाच्या जागी, उभं राहून ४२ पॉइंट मारले. त्यानंतर प्रत्येक टीमच्या फॅन्सना मोठा गार्ड हवाच होता. १९८४ ला जॉर्डन आला, ६ फूट ६ इंच, आणि शूटिंग गार्ड कसा दिसतो हे त्याने ठरवून टाकलं. त्याच ड्राफ्टमध्ये सोळाव्या नंबरवर गोंझागा या छोट्या कॉलेजातून जॉन स्टॉकटन आला, ६ फूट १ इंच, त्याने करिअरमध्ये १५,८०६ असिस्ट (ज्यावर लगेच बास्केट पडतं असे पास) दिले. मग साचा पक्का झाला: उंच असाल तर स्कोअर करा, बुटके असाल तर पास द्या. बुटका असून वीस-पंचवीस पॉइंट मारायला बघणाऱ्या गार्डसाठी या साच्यात जागा नव्हती, लोक त्याला कॉम्बो गार्ड म्हणायचे आणि तो शब्द बहुतेक वेळा तक्रारीच्या सुरातच यायचा.

ॲलन आयव्हरसनने हे थोडं हलवलं. ६ फुटांचा पोरगा १९९६ ला फिलाडेल्फियाने पहिल्या नंबरवर घेतला आणि २००१ ला त्याने टीमला फायनल्सला नेलं. पण ते जमलं कारण कोच लॅरी ब्राउनने त्याला शूटिंग गार्ड केला आणि शेजारी एरिक स्नो ठेवला, जो बॉल सांभाळायचा आणि समोरच्या मोठ्या गार्डला अडवायचा. फॅन्सनी यातून घेतलेला धडा असा की छोटा स्कोअरर चालतो, पण मग पूर्ण टीम त्याच्याभोवती बांधावी लागते, आणि एवढं करण्याइतका तो भारी आहे का? हा प्रश्न करीच्या वेळी प्रत्येकाच्या डोक्यात होता.

दरम्यान नियमात एक बदल झाला ज्याचं महत्त्व तेव्हा फार कमी जणांना कळलं असेल. २००४-०५ च्या सीझनपासून बाहेरच्या भागात हाताने अडवणं, ज्याला हँड-चेकिंग म्हणतात, त्यावर लीगने कडक शिट्टी वाजवायला सुरुवात केली. समोरच्या गार्डच्या कमरेवर हात ठेवून त्याची दिशा ठरवता येत होती, ते बंद झालं, आणि सगळ्यात जास्त फायदा हलक्या, चपळ गार्डांना झाला. त्याच उन्हाळ्यात स्टीव्ह नॅश फिनिक्सला गेला आणि आदल्या वर्षी २९ मॅच जिंकलेली टीम ६२ मॅच जिंकली, नॅश २००५ आणि २००६ असा दोनदा एमव्हीपी (सीझनचा सर्वोत्तम खेळाडू) झाला. लक्षात घ्या, याच नॅशला १९९६ ला फिनिक्सने पंधराव्या नंबरवर घेतलं तेव्हा तिथल्याच फॅन्सनी हुर्यो केली होती. पण नॅशसुद्धा आधी पास देणारा म्हणून ओळखला गेला, म्हणजे साचा थोडा सैल झाला, मोडला नाही.

आता करी. वडील डेल करी शार्लटकडून वर्षानुवर्षं खेळलेले, लीगमधले नावाजलेले शूटर. तरी पोराला मोठ्या कॉलेजकडून स्कॉलरशिप नाही, वडिलांच्या व्हर्जिनिया टेकने सुद्धा वॉक-ऑन (स्कॉलरशिपशिवाय खेळणारा) म्हणून ये एवढंच सांगितलं, म्हणून तो नॉर्थ कॅरोलिनामधल्या डेव्हिडसन या छोट्या कॉलेजात बॉब मॅकिलपकडे गेला. २००८ च्या एनसीएए स्पर्धेत, म्हणजे कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेत, दहावं सीडिंग (आपल्या गटात दहावा मानांकन क्रमांक) असलेल्या डेव्हिडसनने गोंझागा, जॉर्जटाउन आणि विस्कॉन्सिनला हरवलं, करीचे पॉइंट अनुक्रमे ४०, ३० आणि ३३. कॅन्ससकडून ५९-५७ असे ते हरले आणि तीच कॅन्सस पुढे चॅम्पियन झाली. त्या सीझनला त्याने १६२ थ्री मारले, तेव्हाचा एनसीएए रेकॉर्ड. ज्यांनी ते सामने लाइव्ह बघितलेत त्यांना मी वेगळं काय सांगणार, एवढासा पोरगा आणि कुठूनही उडवतोय आणि पडतायत!

पुढच्या वर्षी मात्र चित्र जरा बदललं. बॉल आणणारा जेसन रिचर्ड्स, जो २००७-०८ ला पूर्ण देशात असिस्टमध्ये पहिला होता, तो कॉलेज संपवून गेला आणि करीला पॉइंट गार्ड व्हावं लागलं. त्याने २८.६ च्या सरासरीने देशात सगळ्यात जास्त पॉइंट मारले पण टर्नओव्हर (हातातून बॉल समोरच्या टीमला जाणं) वाढले, टीम एनसीएए स्पर्धेला पोचलीच नाही, आणि ड्राफ्टच्या आधी लोकांच्या मनात राहिलं ते हे शेवटचं चित्र. शंका घ्यायला उदाहरणंही ताजी होती. ॲडम मॉरिसन, कॉलेजचा जबरदस्त स्कोअरर, २००६ ला शार्लटने तिसऱ्या नंबरवर घेतला आणि फसला. जेजे रेडिक त्याच वर्षी अकराव्या नंबरवर ऑर्लँडोला गेला आणि पहिली दोन वर्षं बहुतेक वेळ बेंचवरच होता. करी शूज घालून ६ फूट ३ इंचांच्या आसपास, वजन १८० पौंडांच्या आसपास, छोट्या कॉन्फरन्समधून (कॉलेज टीमच्या गटातून) आलेला, मग कुणी "हा गार्ड नाही, स्पेशालिस्ट आहे" म्हणालं तर त्यात काय चुकीचं होतं?

पण एका मॅचमध्ये उत्तर होतं, आणि ती मॅच जवळपास सगळ्यांनी चुकीची वाचली. नोव्हेंबर २००८ ला मेरीलँडच्या लॉयोला टीमच्या कोचने पूर्ण मॅचभर करीवर दोन माणसं लावली, बॉल कुठेही असो, दोघं त्याला सोडायचेच नाहीत. करी एका कोपऱ्यात जाऊन उभा राहिला, बाकीचे चौघं समोरच्या तिघांविरुद्ध खेळले. करीचे पॉइंट शून्य. डेव्हिडसन ३० पॉइंटनी जिंकली! तेव्हा लोकांनी ही बातमी एक विचित्र किस्सा म्हणून वाचली, कोचवर टीका केली आणि विसरून गेले. शूटर बॉलला हात न लावता डिफेन्स फाडू शकतो ही गोष्ट तिथे उघड दिसत होती आणि पुढे गोल्डन स्टेट वॉरियर्सचं, म्हणजे करीच्या एनबीए टीमचं, सगळं आक्रमण याच तत्त्वावर उभं राहिलं. ड्राफ्टआधीच्या मापांमध्ये, म्हणजे उंची, उडी, असिस्ट, टर्नओव्हर, यात ही गोष्ट कुठेच बसत नव्हती.

२५ जून २००९, न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन, आपल्याकडे २६ ची पहाट. क्लिपर्सने ब्लेक ग्रिफिन, मेम्फिसने हशीम थबीट, ओक्लाहोमाने जेम्स हार्डन, सॅक्रामेंटोने टायरीक एव्हान्स. पाचवा आणि सहावा नंबर मिनेसोटाकडे होता आणि त्यांनी सलग दोन पॉइंट गार्ड घेतले, रिकी रुबियो आणि जॉनी फ्लिन, दोन्ही करीच्या आधी. न्यूयॉर्कची टीम निक्स आठव्या नंबरवर, तिथे माइक डँटोनी कोच, नॅशला घेऊन फिनिक्समध्ये धमाल केलेला माणूस, त्यामुळे हॉलमधल्या निक्सच्या फॅन्सना करी हवा होता आणि करीलाही तिथेच जायचं होतं, त्याच्या एजंटने वॉरियर्सना घेऊ नका असं सांगितलंही होतं. वॉरियर्सने सातव्या नंबरवर घेतलाच. निक्सने जॉर्डन हिल घेतला आणि हॉलमध्ये आरडाओरडा झाला.

वॉरियर्सच्या फॅन्सकडे काळजीची कारणं भरपूर होती. १९९४ नंतर फक्त एकदा, २००७ ला, प्लेऑफ. २००८ ला बॅरन डेव्हिस सोडून गेलेला. टीमचा मुख्य खेळाडू माँटा एलिस, तोही ६ फूट ३ इंच, तोही स्कोअरर, आणि त्याने सीझन सुरू व्हायच्या आधी मीडियासमोर उघड सांगितलं की दोन छोटे गार्ड एकत्र खेळून जिंकता येणार नाही. जुन्या लोकांना दिलासा एवढाच की कोच डॉन नेल्सन होता, ज्याच्या काळात वॉरियर्सनी १९८९ ला चौदाव्या नंबरवर ६ फुटांचा टिम हार्डवे घेतला होता आणि तो गाजला होता.

पहिल्या सीझनचा निकाल काय लागला? टायरीक एव्हान्स, ६ फूट ६ इंच, रूकी ऑफ द इयर. रूकी म्हणून २० पॉइंट, ५ रिबाउंड, ५ असिस्टची सरासरी गाठणारा रॉबर्टसन, जॉर्डन आणि लेब्रॉननंतरचा चौथाच. जुन्या मापाने बघितलं तर सॅक्रामेंटोचे लोक शंभर टक्के बरोबर ठरले होते! करी मॅचला सरासरी १७.५ पॉइंट आणि सीझनभरात १६६ थ्री मारून दुसरा आला, टीम २६ मॅच जिंकली. मग घोट्याची दुखापत, २०११ ला ऑपरेशन, २०१२ ला पुन्हा ऑपरेशन, २०११-१२ च्या ६६ मॅचच्या सीझनमध्ये तो फक्त २६ खेळला. मार्च २०१२ मध्ये टीमने एलिसला मिलवॉकीला पाठवून जखमी अँड्र्यू बोगट घेतला, आणि चिडलेल्या प्रेक्षकांनी मालक जो लेकब यांना भर स्टेडियममध्ये बोलू दिलं नाही. (लेकब यांच्या २०१० च्या खरेदीतले एक भागीदार मुंबईत वाढलेले विवेक रणदिवे, जे २०१३ ला सॅक्रामेंटो किंग्जचे मालक झाले. दोन्ही टीमशी आपलं एक नाव जोडलेलं आहे याचं मला फार अप्रूप वाटतं.) २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये करीने चार वर्षांचा ४४ मिलियन डॉलरचा करार केला तेव्हा, या घोट्यावर एवढे पैसे कशाला, असं म्हणणारे कमी नव्हते.

पुढचं माहीतच आहे. २०१२-१३ ला २७२ थ्री, २०१५ ला एमव्हीपी आणि ४० वर्षांनी वॉरियर्सची ट्रॉफी, २०१६ ला ४०२ थ्री आणि एकही मत विरोधात न जाता एमव्हीपी. १९७९-८० ला थ्रीची रेघ आली तेव्हा एक टीम मॅचला सरासरी तीनही थ्री मारायला बघत नव्हती, करीच्या ड्राफ्टच्या वर्षी ते १८ होते, दहा वर्षांनी ३२. सगळं एकट्या करीमुळे झालं असं मी म्हणणार नाही, आकडेमोड करणाऱ्या मॅनेजर लोकांचाही त्यात मोठा हात आहे, पण फॅन्सची नजर बदलली ती त्याच्यामुळेच. छोट्या कॉलेजची भीतीही कमी झाली, वेबर स्टेटचा डेमियन लिलार्ड २०१२ ला सहावा गेला, लीहायचा सीजे मॅकॉलम २०१३ ला दहावा.

उलटी चूकही तितक्याच जोरात झाली. २०११ ला जिमर फ्रेडेटमध्ये लोकांना लांबून उडवणारा पुढचा स्टार दिसला, दहाव्या नंबरवर निवडला जाऊन तो सॅक्रामेंटोला गेला आणि टिकला नाही. अकराव्या नंबरवर वॉरियर्सने ६ फूट ६ इंचाचा क्ले थॉम्पसन घेतला, जो मोठ्या गार्डना अडवू शकत होता. म्हणजे आयव्हरसनच्या शेजारी स्नो लागला होता तसाच करीच्या शेजारीही कुणीतरी लागलाच, फक्त यावेळी तो माणूस स्वतःही थ्री मारणारा निघाला.

आणि सध्याचा वाद तिथेच अडकलाय. प्लेऑफमध्ये समोरची टीम स्क्रीन (डिफेंडरच्या वाटेत उभं राहून त्याला अडवणं) लावून लावून छोट्या गार्डला आपल्या सगळ्यात भारी माणसासमोर आणते आणि त्याच्यावर हल्ला करते, त्यामुळे नुसतं शूटिंग भारी आहे म्हणून कुणी गप्प बसत नाही. २०२४ ला ह्यूस्टनने तिसऱ्या नंबरवर रीड शेपर्ड घेतला, ६ फूट २ इंच, केंटकी कॉलेजकडून एकच वर्ष खेळला आणि थ्री ५२.१ टक्क्यांनी मारले. असला आकडा २००९ ला कुणी दाखवला असता तरी लोकांनी आधी उंची विचारली असती. आताही विचारतात, पण आता त्याच्या पाठोपाठ विचारतात की शेजारी कोण उभा राहणार, आणि बॉल हातात नसताना हा समोरच्या किती जणांना अडकवून ठेवेल.